परदेशात ट्रेन उशिरा पोचली? तिकिटाचे पैसे असे परत मागा

नमस्कार मंडळी!

मडगाव स्टेशनवर थांबलेल्या कुणालाही एक घोषणा तोंडपाठ असते. गाडी उशिरा धावत आहे, आपल्याला होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण ऐकतो, बाकावर जरा सरकून बसतो आणि चहा सांगतो. परदेशातही आपण तसंच वागतो. इंग्लंडमध्ये स्विंडनला मुलाकडे गेलेले आई-बाबा असोत, लिस्बनला कागदपत्रांसाठी गेलेला भाऊ असो की जर्मनीत शिकणारी पुतणी, गाडी तासभर उशिरा पोचली तरी ‘पोचलो ना एकदाचे’ म्हणून सगळे घरी जातात. पण तिथे त्या तासाचे पैसे मिळतात, आणि ते हक्काचे असतात. अडचण एवढीच की मागितल्याशिवाय सहसा कुणी ते आणून देत नाही.

आधी डिचोलीच्या एका काकांचा प्रश्न घेतो. त्यांनी विचारलंय, “तिकीट मुलाने काढलेलं, आम्ही व्हिजिटर व्हिसावर, मग आम्हाला कसे मिळणार?” काका, मिळणार. तुमचा पासपोर्ट भारतीय आहे की पोर्तुगीज, याचा इथे काही संबंध नाही. तुमच्याकडे वैध तिकीट होतं आणि तुम्ही त्या गाडीने प्रवास केलात, एवढं पुरे. तिकिटाचा मेल मुलाकडे असेल तर तो मागून घ्या, कारण फॉर्म भरताना तो लागतो.

आता इंग्लंडकडे वळतो. आपली गोव्याची बरीच माणसं तिथे आहेत, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेणार आहे.

तिथल्या योजनेचं नाव ‘डिले रिपे’. बहुतेक कंपन्यांचा हिशोब असा आहे: १५ ते २९ मिनिटं उशीर झाला तर एकेरी भाड्याचे २५ टक्के, ३० ते ५९ मिनिटांना ५० टक्के, तासाच्या वर गेला तर पूर्ण एकेरी भाडं. दोन तासांच्या वर उशीर झाला आणि तुमचं तिकीट परतीचं असेल तर दोन्ही बाजूंचं भाडं. काही कंपन्यांत हे ३० मिनिटांपासून सुरू होतं. उशीर कशामुळे झाला, हे सहसा तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. सिग्नल बिघडला, ड्रायव्हर आला नाही, झाड पडलं, काहीही असो. मला या योजनेतली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, कारण साध्या प्रवाशाला भांडत बसावं लागत नाही.

पण उशीर मोजायचा कुठे? आपली माणसं नेमकी इथे पैसे सोडून देतात. समजा तुम्हाला स्विंडनहून गॅटविक विमानतळावर जायचंय आणि रेडिंगला गाडी बदलायची आहे. स्विंडनची गाडी रेडिंगला फक्त १० मिनिटं उशिरा पोचली. १० मिनिटांना काय मिळणार, असं वाटतं. पण त्या १० मिनिटांत तुमची पुढची गाडी निघून गेली, त्यानंतरची पकडून तुम्ही गॅटविकला पोचलात ते ४० मिनिटं उशिरा. फॉर्ममध्ये लिहायची ती ४० मिनिटं. उशीर तुमच्या शेवटच्या स्टेशनवर मोजला जातो. म्हणजे एकेरी भाडं ४० पौंड असेल तर २० पौंड तुमचे. मागणी करायची ती ज्या कंपनीच्या गाडीमुळे घोळ सुरू झाला तिच्याकडे. तिकीट कुठल्याही ॲपवरून काढलेलं असू दे, ॲपवाल्याकडे जाऊन उपयोग नाही.

(पडद्यावर फॉर्मचं चित्र)

फॉर्म कंपनीच्या वेबसाइटवर असतो. प्रवासाची तारीख, कुठून कुठे, कितीची गाडी पकडायची होती, प्रत्यक्षात किती वाजता पोचलात, तिकिटाची किंमत आणि तिकिटाचा फोटो, एवढंच विचारतात. फोटोबद्दल सांगतो, नीट ऐका. तिथे अजूनही नारिंगी पट्ट्याचं छोटं कागदी तिकीट मिळतं. शेवटच्या स्टेशनवर बाहेर पडताना तुम्ही ते फाटकाच्या यंत्रात घालता, फाटक उघडतं आणि प्रवास संपलेला असेल तर यंत्र ते तिकीट आतच ठेवून घेतं. हातात काहीच उरत नाही! म्हणून गाडीत बसल्या बसल्या तिकिटाचा फोटो काढा. मोबाइलवर तिकीट असेल तर क्यूआर कोडसकट स्क्रीनशॉट ठेवा. गाडी बदलायची असेल तर बुकिंगच्या वेळी दिसलेलं वेळापत्रकही जपून ठेवा; चुकलेली जोडगाडी तुम्ही मुळात धरणार होतात, हे त्यावरून दिसतं.

मुदत २८ दिवसांची. महिनाभर राहून गोव्यात परत आलेल्या माणसाची ती बहुतेक वेळा संपलेली असते, म्हणून त्याच रात्री बसून फॉर्म भरा. पैसे कसे हवेत ते निवडायला मिळतं. कंपनी व्हाउचर पुढे करत असेल तर घाई नको, पैसेच मागा. परत कधी जाणार आहात तिथे, व्हाउचर वापरायला?

नकार आला तर तिथेच सोडू नका. आधी कंपनीकडे पुन्हा दाद मागा. तिथेही अंतिम नकार मिळाला तर २०१८ पासून ‘रेल ओम्बड्समन’ ही रेल्वे प्रवाशांच्या तक्रारी सोडवणारी व्यवस्था आहे आणि प्रवाशाला ती फुकट आहे.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. खोटा उशीर लिहू नका, न केलेल्या प्रवासाचा फॉर्म भरू नका. तिथे गाड्यांच्या वेळा मिनिटामिनिटाच्या नोंदलेल्या असतात आणि हा प्रकार फसवणूक म्हणून धरला जातो.

उशीर पाहून तुम्ही गाडीत बसलाच नाहीत, प्रवासच रद्द केलात, तर गोष्ट वेगळी. मग तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात, ते तिकीट विकणाऱ्याकडे मागायचे. विमान चुकलं तर त्याचं भाडं मात्र ‘डिले रिपे’त येत नाही. त्यासाठी प्रवास विमा बघावा लागतो, म्हणून विमानतळावर जाताना एक गाडी आधीची धरावी, हे माझं स्पष्ट मत.

आता युरोपियन युनियन. पोर्तुगाल, जर्मनी, फ्रान्स सगळे यात आले. ७ जून २०२३ पासून तिथे नवे नियम लागू आहेत. ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, १२० मिनिटांपासून पुढे ५० टक्के. बर्लिन ते म्युनिक ८० युरोचं तिकीट, दोन तास दहा मिनिटं उशीर, म्हणजे ४० युरो. इंग्लंडएवढं हे उदार नाही. वादळ-पुरासारखी मोठी आपत्ती, रुळावर आलेला माणूस, केबलचोरी अशा कारणांना कंपनी नाही म्हणू शकते. पण रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांनी संप केला तर ते कारण चालत नाही, हे लक्षात ठेवा. काउंटरवरचा माणूस संपाचं नाव सांगून हात वर करत असेल तर परत फिरू नका. मागणी तीन महिन्यांच्या आत करायची आणि कंपनीने महिनाभरात पैसे द्यायचे. रक्कम चार युरोच्या खाली असेल तर न देण्याची मुभा कंपनीला असते. शहरातल्या लोकलचे नियम वेगळे असू शकतात.

तिथे पैशांइतकीच सोयही मोठी आहे. तासाभराच्या वर उशीर होणार हे दिसलं की तुम्ही तिकिटाचे पैसे परत मागू शकता, नाहीतर दुसऱ्या मार्गाने पाठवा म्हणू शकता. थांबावं लागलं तर शक्य तिथे खाणंपिणं आणि रात्र काढावी लागली तर राहण्याची सोयही त्यांनी करायची. वयस्कर आई-बाबा बरोबर असतील तर २५ टक्क्यांपेक्षा हा हक्क आधी वापरा. अनोळखी स्टेशनवर थंडीत त्यांना का बसवायचं?

फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या टीजीव्ही या अतिजलद गाड्यांना अर्ध्या तासापासूनच भरपाई सुरू होते. जपानमध्ये जलद गाडी दोन तासांच्या वर उशिरा पोचली तर जलद गाडीसाठी घेतलेलं वेगळं शुल्क परत मिळतं, मूळ भाडं नाही.

तुम्ही विचाराल, आणि आपल्याकडे काय? चढायच्या स्टेशनवर गाडी तीन तासांच्या वर उशिरा असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर गाडी प्रत्यक्षात सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा रेल्वेचा अर्ज, भरून पूर्ण पैसे परत मिळतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे अडकली, तेव्हा थिवी, करमळी स्टेशनांवर ताटकळलेल्यांना या नियमाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. प्रवास केलात आणि उशीर सोसलात, त्याची टक्केवारीने भरपाई मात्र आपल्याकडे नाही. २०१९ मध्ये लखनौ-दिल्ली तेजसला तासावर १०० रुपये आणि दोन तासांवर २५० रुपये द्यायला सुरुवात झाली होती, २०२४ मध्ये तेही बंद केलं. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकालही आहे. अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोचल्यामुळे एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं होतं. उशिराचं कारण रेल्वेला पटवून देता आलं नाही, तर भरपाई द्यावीच लागेल, असं न्यायालयाने सांगितलं. पण त्यासाठी ग्राहक मंचापासून दिल्लीपर्यंत जावं लागलं. हा हक्क आपल्याकडेही पाच मिनिटांच्या फॉर्मवर यायला हवा, आणि तो मागायला आपण सुरुवात करायला हवी.

शेवटी, कुटुंबाने एकत्र प्रवास केला असेल तर भरपाई एकाच माणसाची नाही. चार तिकिटं असतील तर चारही तिकिटांचे पैसे मागा. अधिकृत फॉर्मचे दुवे व्हिडिओखाली दिलेत. मध्यस्थ वेबसाइटवाले टक्केवारी कापून घेतात, त्यांच्याकडे जायची गरज नाही. तुमच्या घरातलं कुणी नुकतंच इंग्लंडहून आलं असेल तर आधी त्यांच्या प्रवासाची तारीख विचारा आणि २८ दिवस मोजा. देव बरें करूं!