उद्याच्या गिऱ्हाइकासाठी आजचं पीठ

नमस्कार श्रोतेहो.

मी ब्रेड बनवते, तोही संथ जातीचा. पीठ, पाणी, मीठ आणि बरणीतलं जिवंत आंबवण, एवढ्यावरच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा ‘सावरडो’ या नावाने माहीत असेल. आज मला माझ्या ब्रेडपेक्षा तो घेणाऱ्यांबद्दल बोलायचंय. आणि तेही सगळ्यांबद्दल नाही. जी माणसं पुन्हा पुन्हा येतात, ऊन असो की पाऊस, घाई असो की निवांतपणा, त्यांच्याबद्दल.

पण त्यासाठी आधी थोडं पिठात हात घालावा लागेल.

या धंद्यातला खरा हिशेब भट्टीपाशी होत नाही, तो आदल्या दिवशी तराजूपाशी होतो. १ किलो पिठाला साधारण ७०० ग्रॅम पाणी, २०० ग्रॅम आंबवण, २० ग्रॅम मीठ. पीठ आणि पाणी आधी नुसतं एकत्र करून ठेवायचं, काही वेळाने त्यात बाकीचं मिसळायचं. मग गोळा तीन-चार तास उबेत ठेवायचा. मधूनमधून ओल्या हाताने त्याची एकेक बाजू ताणून दुसरीवर दुमडायची. नंतर आकार द्यायचा, टोपलीत ठेवायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये, ४ ते ५ अंशांवर झोपवायचं. थंडीत आंबवणातलं यीस्ट मंदावतं, आम्ल मात्र हळूहळू साठत राहतं आणि चव उतरते ती तिथेच. सकाळी २३०-२४० अंशांच्या भट्टीत तो जातो तेव्हा त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य सरलेलं असतं.

आता अडचण लक्षात आली असेल. उद्या किती ब्रेड लागतील हे मला आज दुपारी ठरवावं लागतं. कमी भिजवलं तर उद्या कुणीतरी हात हलवत परत जाणार. जास्त भिजवलं तर संध्याकाळी ब्रेड उरणार, आणि भाजलेला ब्रेड काही परत पिठाच्या पोत्यात जात नाही. रस्त्याने जाता जाता वास आला म्हणून आत शिरणारं गिऱ्हाईक मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या भरवशावर पीठ भिजवता येत नाही. पीठ भिजतं ते नेहमीच्यांच्या भरवशावर. अमुक एका घरी मंगळवारी आणि शुक्रवारी राय नावाच्या धान्याचा ब्रेड लागतो. तमुक ताईंना शनिवारी दोन लागतात, कारण मुलं घरी असतात. एक काका रोज येतात आणि रोज विचारतात, ‘आज आहे का?’ जणू काही एखाद्या दिवशी नसेलच. या सगळ्यांची बेरीज डोक्यात करूनच मी तराजूवर पीठ ओतते. यातल्या कुणीही कधी काही लिहून दिलेलं नाही. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. ते येतात, बस.

हीच माणसं नसती, तर मला हा संथ ब्रेड परवडलाच नसता. मग मला झटपट ब्रेडकडे वळावं लागलं असतं. त्याला मी नावं ठेवणार नाही. इंग्लंडात चॉर्लीवूड नावाच्या गावी १९६१ साली संशोधकांनी एक पद्धत बसवली. पीठ काही मिनिटं अतिशय जोरात घुसळायचं, म्हणजे जे काम तासन् तासांचं आंबणं करतं त्यातलं बरंचसं यंत्राच्या जोराने उरकतं. पिठापासून पाकिटापर्यंत जेमतेम साडेतीन तास. त्या ब्रेडने असंख्य घरांत स्वस्तात न्याहारी पोचवली. फक्त एवढंच, की त्या ब्रेडला तुमची ओळख असण्याची गरज नसते. आज नाही खपला तर उद्या दुसऱ्या गावी खपेल. माझा ब्रेड तसा नाही. तो कुणासाठी आहे हे ठरल्याशिवाय तो सुरूच होत नाही.

ब्रेडवाला आणि त्याचं बांधलेलं गिऱ्हाईक यांचं नातं फार जुनं आहे, आणि त्याची एक खूण मला फारच आवडते. फ्रान्समध्ये पूर्वी ब्रेड उधारीवर नेताना वही नसायची, काठी असायची. लाकडाची एक काठी उभी चिरून तिचे दोन भाग करायचे. एक भाग बेकरकडे, दुसरा गिऱ्हाइकाच्या घरी. ब्रेड घ्यायला येताना गिऱ्हाइकाने आपला भाग आणायचा. दोन्ही भाग जोडून धरायचे आणि सुरीने आडवी खाच पाडायची, अशी की ती दोन्हींवर एकदमच उमटेल. एक ब्रेड, एक खाच. महिनाअखेरीला खाचा मोजायच्या आणि पैसे द्यायचे. बेकरने आपल्या भागावर गुपचूप एक खाच जास्त पाडली, तर दुसऱ्या भागाशी ती जुळायची नाही. गिऱ्हाइकाने आपल्याकडची तासून काढली, तरी तेच. १८०४ च्या फ्रेंच नागरी कायद्यात १३३३ व्या कलमाने अशा जुळणाऱ्या काठ्यांना पुरावा म्हणून मान्यताच दिली होती. मला यात गंमत वाटते ती अशी, की हिशेबाचं अर्धं कागदपत्र रोज गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात लटकत असायचं. आता कार्ड आहे, मोबाइल आहे, पैसे क्षणात येतात. पण माझ्या हिशेबाचा अर्धा भाग अजूनही त्यांच्याच घरी असतो, असं मला बऱ्याचदा वाटतं.

धान्य महाग झालं की आमच्यासारख्यांपुढे दोनच वाटा असतात. भाव वाढवायचा, नाहीतर वजन उतरवायचं. १२६६ साली इंग्लंडात ब्रेडचा जो कायदा झाला, त्यात दुसरी वाट चक्क अधिकृत होती. ब्रेडची किंमत तीच ठेवायची आणि गव्हाचा भाव चढला की वजन किती उतरवायचं याचं कोष्टकच सरकार ठरवून देई. त्याहून हलका ब्रेड विकणाऱ्याला दंड व्हायचा, कधी भर बाजारात खोड्यात अडकवून उभं करायचे. आज मला खोड्यात कुणी घालणार नाही. पण माझ्याकडे त्याहून कडक पहारा आहे: नेहमीच्या गिऱ्हाइकाचा हात. ९५० ग्रॅमचा गोळा भट्टीतून बाहेर येतो तेव्हा पाणी उडून ८२०-८३० ग्रॅमच्या आसपास उरतो. वर्षानुवर्षं तोच ब्रेड उचलणाऱ्या हाताला तो आकडा पाठ असतो, त्या माणसाला नसला तरी. ब्रेड पिशवीत टाकण्याआधी नकळत तळहातावर एकदा झेलला जातो. मी भाव वाढवते तेव्हा आधी त्यांना सांगते. कपाळावर आठी येते, ‘हं’ असा एक उद्गार निघतो आणि पिशवी पुढे होते. त्या ‘हं’मध्ये किती समजूतदारपणा असतो हे दुकानदारी केलेल्यालाच कळेल.

गिऱ्हाईक म्हणजे देव, असं म्हणायची पद्धत आहे. मला हे कधी पटलं नाही. देव गाऱ्हाणं ऐकतो. माझं गिऱ्हाईक गाऱ्हाणं सांगतं. आणि बरं झालं सांगतं! एकदाच आलेल्या माणसाला ब्रेड आवडला नाही तर तो काही बोलत नाही, परत येत नाही एवढंच. त्याच्याकडून मी काय शिकणार? नेहमीचा माणूस काउंटरवर कोपर टेकून म्हणतो, ‘या आठवड्यात गर जरा चिकट लागला हो.’ मग मी तपासायला लागते. नव्या पोत्यातलं पीठ पाणी कमी शोषतंय का? उकाडा वाढल्याने आंबवण लवकर चढून उतरायला लागलंय का? ब्रेडच्या पोटात थर्मामीटर खुपसून पाहिला तर पारा ९६-९७ अंशांपर्यंत पोचतोय का, की मी भट्टीतून घाईने काढतेय? गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नसतं, असायची गरजही नाही. त्याने फक्त चव लक्षात ठेवलेली असते. आंबवणाचा ब्रेड रोज अगदी तसाच होत नाही. हवा बदलते, पीक बदलतं, तसा तोही बदलतो. उन्नीस-बीस चालवून घेणारी आणि पंधरा-वीस मात्र चालवून न घेणारी ही माणसं आहेत.

त्यांतल्या एका आजोबांबद्दल सांगायलाच हवं. त्यांना सगळ्यात काळपट ब्रेड लागतो. बाकीचे ‘जरा कमी भाजलेला द्या’ म्हणतात तेव्हा हे मागच्या फळीवर नजर ठेवून असतात. ब्रेड हातात घेतला की उलटा करतात, तळाला बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतात आणि मान किंचित तिरकी करून ऐकतात. आवाज पोकळ आला तर आतपर्यंत भाजलाय, दबका आला तर अजून ओल आहे. मग वरचा काप बघतात. भट्टीत घालायच्या आधी आम्ही पात्याने तिरका छेद देतो, तिथून कवच उचललं जाऊन एक धारदार कड उभी राहते. त्या कडेचं टोक जवळजवळ काळं झालेलं असतं. आजोबा ते दुकानातच मोडून तोंडात टाकतात. कुरकुर ऐकू येते. पुढे पैसे देतात, ‘ठीक आहे’ म्हणतात आणि जातात. आजवर त्यांच्या तोंडून ‘छान’ हा शब्द निघालेला नाही. कवचाचा तो रंग आणि तो खरपूस वास साखर आणि प्रथिनांच्या ज्या प्रक्रियेतून येतो, तिचं वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केलं. आजोबांना मायार माहीत नाही, पण मी पाच मिनिटं आधी ब्रेड काढला की त्यांना कळतं. त्यांच्यासाठी म्हणून मी शेवटच्या घाण्यातले दोन-तीन ब्रेड जरा जास्त वेळ ठेवायला लागले. आता ते घ्यायला आणखी चार जण तयार झालेत.

जाता जाता एक कामाची गोष्ट, कारण हे मला जवळजवळ रोज विचारतात: ब्रेड शिळा होऊ नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवू का? नका ठेवू. ब्रेड शिळा होतो तो केवळ वाळून नाही. बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिलं, की ओलावा अजिबात उडू दिला नाही तरी ब्रेड शिळा होतोच. आतला स्टार्च पुन्हा घट्ट बसत जातो, आणि फ्रिजच्या तापमानात ते सगळ्यात वेगाने होतं. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर कापडात गुंडाळून, कापलेली बाजू खाली करून बाहेरच ठेवा. त्याहून जास्त दिवस हवा असेल तर काप करून थेट फ्रीझरमध्ये. हे सांगितल्याने माझी विक्री थोडी कमी होत असेल कदाचित. होऊ दे.

आणि विक्रीवरून आठवलं. काउंटरच्या या बाजूने माणसाच्या घरातलं बरंच काही न विचारता कळतं. दोनाचे तीन झाले की समजायचं, पाहुणे आलेत किंवा लेक परत आलीय. कवच मऊ असलेला मागितला की घरात कुणाच्या तरी दाताचं काम चाललंय. एक बाई कित्येक वर्षं अख्खा ब्रेड न्यायच्या. एक दिवस त्यांनी अर्धा मागितला. मी कापला, कागदात गुंडाळला. काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तेव्हापासून त्यांचा अर्धा मी आधीच कापून बाजूला ठेवते, म्हणजे त्यांना सगळ्यांसमोर मागावा लागत नाही. उरलेला अर्धा कोण नेणार ही चिंता मला फार दिवस करावी लागली नाही. एका तरुण मुलाला एकट्यापुरता नेमका तेवढाच हवा होता. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. एक सकाळी येतात, दुसरा संध्याकाळी.

कधी कधी ही माणसं गाव सोडून जातात. नोकरी बदलते, मुलाकडे राहायला जावं लागतं. मागे अशाच एका गिऱ्हाइकाने निरोप घेताना ब्रेड मागितला नाही, आंबवण मागितलं. मी बरणीत चार चमचे घालून दिलं. खायला कसं घालायचं ते सांगितलं: जेवढं आंबवण तेवढंच पीठ, तेवढंच पाणी. फुगून पुरतं वर आलं की तेव्हाच वापरायचं, खाली बसायची वाट पाहायची नाही. काही आठवड्यांनी फोन आला, तोही तक्रारीचाच. ‘तुमच्यासारखा होत नाही. फार आंबट होतो.’ मी विचारलं, घर गरम आहे का? आहे. मग आंबवण लवकर चढत असणार आणि तुम्ही उशिरा हात घालत असणार. दर वेळी जुनं कमी घ्या, एकास पाच पीठ आणि पाच पाणी घाला, आणि घड्याळाकडे बघू नका, बरणीकडे बघा. त्यानंतर महिनाभर काही नाही. मग पुन्हा फोन. आता जमतोय म्हणे, पण कवच हवं तसं येत नाही. वाफ किती वेळ ठेवता, यावर आमचं बरंच बोलणं झालं. वाफ कोंडून राहावी म्हणून पहिली वीस मिनिटं भांड्यावर झाकण ठेवून भाजा, मग झाकण काढा, असं मी सांगितलं. पुढच्या महिन्यात इकडे येणार आहेत. येताना स्वतःच्या हातचा एक ब्रेड मला घेऊन येणार आहेत. मी त्यांना सांगून ठेवलंय, मी उलटा करून, टकटक करूनच घेईन.

नमस्कार.