'ग्रेसन' लिहिली कोणी हे सगळे विचारतात, काढली कोणी ते विचारा ना

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली इतक्या जणांनी 'ग्रेसन' या कॉमिक मालिकेबद्दल विचारलंय की आज दुसरा विषयच नाही.

बेसिक पटापट उरकतो. डिक ग्रेसन म्हणजे बॅटमनचा साथीदार, पहिला रॉबिन, १९४० पासूनचा, १९८४ मध्ये नाइटविंग नावाचा स्वतंत्र हीरो झाला. मग त्याची खरी ओळख जगासमोर उघडी पडते, सगळ्यांना वाटतं तो मेला, आणि बॅटमन त्याला गुपचूप स्पायरल नावाच्या हेरसंस्थेत घुसवतो. एजंट ३७. मास्क गेला, सोबतीला हेलेना बर्टिनेली ही एजंट आली. डीसी या अमेरिकी कॉमिक्स कंपनीनं २०१४ मध्ये ही 'ऑनगोइंग' मालिका सुरू केली, २०१६ मध्ये २० अंकांवर थांबली. आता "थांबली तर ऑनगोइंग कशी" विचारणाऱ्यांसाठी, ऑनगोइंग म्हणजे सुरू करताना शेवटचा अंक कितवा ते ठरलेलं नसतं, बस.

आता मुद्द्याचं. कमेंटमध्ये सगळ्यात जास्त लाइक कशाला मिळाले? "टॉम किंग आधी सीआयएमध्ये होता, म्हणून एवढी भारी हेरकथा जमली." होता, खरंय. पण अरे, कथानक किंग आणि टिम सीली या दोघांचं आहे, आणि पानं काढलीयत मिकेल हानीननं, रंग जेरोमी कॉक्सचे. त्या अख्ख्या कमेंटमध्ये सीलीचं नाव नाही, हानीनचं नाही, कॉक्सचं तर कुणीच घेत नाही. आणि हे बघून मला खरंच त्रास होतो.

स्पायरलचं ते हिप्नोस घ्या. या तंत्रानं समोरच्याला एजंटचा चेहरा दिसतच नाही, आठवतही नाही. लेखकानं हे एका ओळीत लिहिलं असेल, पण कागदावर ते दाखवायचं कसं? प्रमुख मिस्टर मायनॉसच्या चेहऱ्याच्या जागी नुसता भोवरा, आणि तरी तो माणूस खूश आहे का चिडलाय हे आपल्याला त्याच्या खांद्यांवरून, मानेवरून कळतं. डोळे नाहीत, ओठ नाहीत, आणि अभिनय आहे! हे हानीनचं काम आहे हो, सीआयएचं नाही.

दुसरं, पाचवा अंक. सगळ्यांनी वाचा, आधीचे चार नाही वाचले तरी चालेल. डिक, हेलेना आणि मिडनाइटर नावाचा सुपरहीरो वाळवंटात अडकलेत, जवळ एक तान्हं बाळ, पाणी नाही. चालतात, चालतात, एकेक जण मागे पडतो. बोलणं अगदी मोजकं. मग वेळ गेला हे आपल्याला कळतं कशावरून? आकाश बदलतं, वाळूचा रंग बदलतो, सावल्या बदलतात त्यावरून. म्हणजे घड्याळ कॉक्सच्या हातात आहे. माझी मावसबहीण गोरेगावला एका स्टुडिओत रंगकाम करते, तिला तो अंक दिला तर तिनं गोष्ट वाचलीच नाही आधी, नुसती पानं उलटत बसली आणि म्हणाली, "दादा, याला दुपार कळते रे." मला रंगाबद्दल एवढं चांगलं कुणी बोललेलं आठवत नाही. तिचं नाव श्रेयनामावलीत इतकं खाली येतं की तोवर लोक चॅनेल बदलतात, त्यामुळे तिला बरोबर दिसलं ते.

आमच्याकडे हे जुनंच आहे म्हणा. बाबांकडे इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळचे गठ्ठे आहेत, लेखक ली फॉकचं नाव त्यांना तोंडपाठ, पण कित्येक वर्षं ज्यानं ती कवटीची गुहा, तो घोडा, तो लांडगा काढला त्या साय बॅरीचं नाव मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. आता विचारतात मला, हा कुणी काढलाय रे.

तिसरी गोष्ट, आणि ही थेट खिशाशी संबंधित आहे, नीट ऐका. शेवटचे तीन अंक, १८ ते २०, या टीमचे नाहीत. किंग-सीली गेले, लेखनाला जॅक्सन लँझिंग आणि कॉलिन केली आले, चित्रांना रोजे अँटोनियो. वाईट म्हणत नाहीये मी, मेहनत दिसते, पण चालू गाडीत चढून दुसऱ्याची गोष्ट आटपायची होती त्यांना आणि ते जाणवतं. आता तुम्ही फोर्टच्या फुटपाथवर नाहीतर किंग्ज सर्कलला सुटे अंक चाळताय, वर 'ग्रेसन' लिहिलंय म्हणून उचलला आणि घरी येऊन मला लिहिता "दादा, तुम्ही सांगितलं तसं काही नाहीये यात." अहो, पहिली दोन-चार पानं उघडा, तिथं बारीक अक्षरात नावं असतात, लेखक, चित्रकार, रंग, लेटरिंग म्हणजे फुग्यांतली अक्षरं. ती आधी वाचा, मग पैसे काढा. विकणारे काका काही म्हणत नाहीत, मी उभा राहून वाचतो तिथं.

आणि कृपा करून, पॅनेल, म्हणजे कॉमिकमधला चित्राचा चौकोन, शेअर करताना ते क्रेडिट कापू नका. स्टेटसला हानीनचं पान टाकायचं आणि खाली लिहायचं "टॉम किंग, लेजंड"... नका करू.

एकीनं विचारलंय मिडनाइटर आवडला, पुढे कुठे भेटेल. २०१५ मध्ये त्याची स्वतःची मालिका आली, लेखन स्टीव्ह ऑर्लँडो, चित्रं आको, रंग रोम्युलो फहार्दो ज्युनियर. आकोची छोट्या छोट्या चौकोनांत तोडलेली मारामारी बघायला मिळेल त्यात, त्यावर पुढचा व्हिडिओ करतोय, तोपर्यंत पाचवा अंक मिळवा.