रंगभवननंतरच्या रात्री

मंडळी, सुरुवात बर्मिंगहॅममधल्या एका पत्र्याच्या कारखान्यापासून करतो. १९६५ साली तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कामाला होता. एके दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. मुलगा डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा त्याचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून त्या बोटांसाठी टोपणं बनवली, बारीक तारा लावल्या, आणि पुढे त्या तारा सैल सोडून सूर खाली आणला. त्यातून एक जड, गंभीर आवाज निघाला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला, आणि ज्या संगीताला आज जग मेटल म्हणतं त्याचा पाया पडला. त्या बँडचा गायक ओझी ऑस्बॉर्न एके काळी कत्तलखान्यात काम करायचा.

हे आधी सांगायचं कारण असं की मेटल ऐकणारी पोरं म्हणजे पैसेवाल्यांची बिघडलेली मुलं, असं आपल्याकडे अजूनही सर्रास बोललं जातं. हे संगीत भोंग्यावर उठणाऱ्या घरांतून आलंय. मी डोंबिवलीत वाढलो. माझ्याबरोबर गाण्याला येणाऱ्यांत परळ-लालबागच्या चाळींतली मुलं होती, वसईची होती, वांद्र्याच्या आणि माहीमच्या ख्रिस्ती घरांतली होती. ज्यांच्या घरी वडिलांनी गिरणीचा संप पाहिला होता, त्यांना त्या गिटारमधला राग समजावून सांगावा लागला नाही.

कॅसेटी महाग होत्या. वर्गणी काढून काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या दुकानातून एक घ्यायची आणि बाकीच्यांनी त्यावरून कॉपी करायच्या, अशी पद्धत होती. पाचव्या कॉपीपर्यंत झांजा गायब झालेल्या असायच्या. त्यामुळे पहिल्यांदा समोर बँड ऐकला तेव्हा मला धक्का बसला तो आवाजाच्या मोठेपणाचा नव्हता. बेस ड्रम छातीत वाजतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. आपण ऐकतोय ते कानाने कमी आणि बरगड्यांनी जास्त, हा अनुभव कॅसेट देऊ शकत नाही, आणि आजचा मोबाइलही देऊ शकत नाही.

हा अनुभव मुंबईत जिथे मिळायचा ती जागा म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी अनेकांना ते नाटकांसाठी किंवा कव्वालीसाठी आठवत असेल. १९७८ साली जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला तोही तिथेच. फरहाद वाडिया यांनी १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू केला. आम्ही त्याला आय-रॉक म्हणायचो. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, म्हणजे ऐन श्रावणात, उघड्या रंगमंचावर! पाऊस आला की कुणी हलायचं नाही. तंत्रज्ञ ताडपत्र्या घेऊन अँप्लिफायर झाकायला धावायचे, आणि समोर हजारो मुलं वाफाळत उभी.

रॉक मशीन, जी पुढे इंडस क्रीड झाली, ब्रह्मा, अग्नी, बंगळुरूची मिलेनियम, दिल्लीची परिक्रमा, असे बँड त्या काळात गाजत होते. सुरुवातीच्या वर्षांत परदेशी गाणी हुबेहूब वाजवणाऱ्याला टाळ्या मिळायच्या आणि स्वतःचं गाणं काढलं की मागून ओरडा व्हायचा. ते बदलायला वेळ लागला. पण ते बदललं रंगभवनच्या त्याच पायऱ्यांवर. दर वर्षी तेच लोक येत होते, बँडची वाढ डोळ्यांदेखत बघत होते, आणि हळूहळू बँडच्या स्वतःच्या गाण्यांचे शब्दही त्यांना पाठ होऊ लागले. जागा एक असली, दर परवडणारा असला, लोक तेच असले, तरच हे घडतं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

रंगभवनची दुसरी गोष्ट सांगितली तर काहींना क्षुल्लक वाटेल. ते सीएसटीपासून चालत दहा मिनिटांवर होतं. कार्यक्रम संपला की मेट्रो सिनेमावरून चालत निघायचं, शेवटची कर्जत पकडायची. डब्यात अर्धे काळे टी-शर्ट. घसे बसलेले, कानात शिट्टी वाजतेय, आणि भायखळ्यापासून कल्याणपर्यंत वाद चाललाय की दुसऱ्या गाण्यात ड्रमर आधी आला की बेसवाला उशिरा आला. टॅक्सीने घरी जावं लागलं असतं तर आमच्यातले निम्मे कधीच आले नसते.

मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रंगभवनच्या हाकेच्या अंतरावर कामा आणि जी. टी. ही रुग्णालयं, शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज. तिथलं गाणं थांबलं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला रात्र जागवण्याची परंपरा याच नियमांपायी सोडावी लागली, हे आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा हा फक्त मेटलवाल्यांचा प्रश्न आहे असं समजू नका.

या नियमाविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. बाळंतिणीच्या खिडकीखाली डबल बेस ड्रम वाजू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. एक जागा काढून घेतली, तर तिच्या बदल्यात दुसरी द्यायला हवी होती. ती आजतागायत मिळालेली नाही. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या जागी फिरत राहिलं, मध्ये बंद पडलं, आणि २०२२ साली माझगावला पुन्हा भरलं. त्या गर्दीत केस पांढरे झालेले चेहरे ओळखीचे निघाले, खूप बरं वाटलं.

दरम्यानच्या काळात आम्ही उद्यान एक्सप्रेसने बंगळुरूला जायला शिकलो. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड तिथल्या पॅलेस ग्राउंडवर वाजला. पुणे, हैदराबाद, कोलकाता, शिलाँग, आयझॉल, कुठून कुठून मुलं आली होती. आसाम-मिझोरामकडची मुलं तर दोन-तीन दिवस रेल्वेत काढून आलेली. दुसऱ्या वर्षी, १ फेब्रुवारी २००८ ला, त्याच बँडने आपल्या जागतिक दौऱ्याची पहिली रात्र मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात केली. सगळा बँड, तंत्रज्ञ आणि कित्येक टन सामान एका बोइंग ७५७ मधून आलं, आणि विमान चालवायला गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. तो परवानाधारक वैमानिक आहे. गाण्यासाठी एवढं झोकून देणारा माणूस पाहिला की आपल्या तिकिटाचे पैसे आठवत नाहीत.

ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिका हा अमेरिकी मेटल बँड पहिल्यांदा भारतात आला. गुडगावचा कार्यक्रम सुरक्षेच्या कारणावरून आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला, आणि चिडलेल्या लोकांनी मंच तोडला. दोन दिवसांनी बंगळुरूत तोच बँड वाजला आणि गर्दीने शिस्तीत ऐकला. मला यातून एवढंच दिसतं की कठडे नीट लावले, प्रवेशाची सोय केली, लोकांना वेळेवर खरं सांगितलं, तर ही गर्दी बाकी कुठल्याही गर्दीपेक्षा सोपी आहे.

गर्दीबद्दल बोलतोच. आई-वडिलांना सगळ्यात भीती वाटते ती मॉश पिटची. मंचासमोर एक रिंगण मोकळं होतं आणि मुलं एकमेकांवर आदळू लागतात. लांबून बघणाऱ्याला दंगल वाटते. आत शिरलात तर कळेल की तिथे कडक कायदा आहे. कुणी पडला की चार हात लगेच त्याला उचलतात. बूट निसटला तर ज्याला सापडेल तो माणूस तो बूट डोक्यावर धरून उभा राहतो, मालक येईपर्यंत. कडेला उभे असलेले दांडगे गडी बाहेरच्यांना धक्का लागू नये म्हणून पाठ देतात. मुद्दाम कोपर मारणाऱ्याला आतलेच लोक बाहेर काढतात. पिटमध्ये मुलींची छेड काढणारे नालायकही भेटतात, ते मी नाकारत नाही. त्यांना धरून बाहेर नेणं हे आम्हा जुन्या लोकांचं काम आहे आणि ते आम्ही करायलाच हवं. गोविंदाच्या पथकात खालच्या थराला जी जबाबदारी असते, तीच इथे कडेच्या माणसांची.

आणि ती बोटं. तर्जनी आणि करंगळी वर, बाकीची मिटलेली. सैतानाची खूण म्हणून त्यावर लेख लिहून झालेत. ब्लॅक सॅबथमध्ये ओझीच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला, त्याने ती खूण मेटलमध्ये रूढ केली. त्याने स्वतः सांगितलंय की ही त्याच्या इटालियन आजीची सवय. वाईट नजर लागू नये म्हणून ती तशी बोटं करायची. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणाऱ्या घरातल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय आहे?

कानांबद्दल मात्र मी गंभीर आहे. शंभर डेसिबलच्या आवाजात उघड्या कानांनी पंधरा मिनिटं ही सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. मेटलचा कार्यक्रम याच्या वर जातो आणि दोन-दोन तास चालतो. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे अगदी स्वस्तात मिळतात. ते घाला. स्पीकरला चिकटून उभं राहण्यात मर्दुमकी नाही. साउंड इंजिनिअरच्या कन्सोलजवळ उभे राहा, कारण तो माणूस सगळा आवाज त्याच्या स्वतःच्या कानांना पटेल असा बसवतो. सगळ्यात चांगलं तिथेच ऐकू येतं.

मोठ्या बँडचं एवढं सांगितलं, पण माझा जीव छोट्या क्लबांतल्या रात्रींत आहे. जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसेरस, अंधेरीचं बी-६९, लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातलं ब्लू फ्रॉग. डेमॉनिक रेझरेक्शन, भयानक मौत, स्क्राइब, झिग्नेमा हे मुंबईचे बँड अशाच जागांत घडले. डेमॉनिक रेझरेक्शनच्या साहिल मखिजा यांनी तर स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढून इतरांचीही गाणी लोकांपर्यंत पोचवली. बंगळुरूचा क्रिप्टॉस २०१३ साली जर्मनीतल्या वॅकन महोत्सवात वाजला. ही सगळी नोकरी सांभाळून, स्वतःच्या खिशातून अँप्लिफायर विकत घेऊन गाणारी माणसं आहेत. ब्लू फ्रॉगचं मुंबईतलं दार २०१६ साली बंद झालं. ऱ्हिदम हाऊसही त्याच वर्षी.

आता महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा हा संगीत महोत्सव भरतो, गन्स अँड रोझेस हे अमेरिकी रॉकवाले तिथे २०२५ च्या मे महिन्यात वाजून गेले. आनंदच आहे, मीही जातो. पण त्या मैदानावर डोंबिवलीच्या कॉलेजातला बँड कधी उभा राहणार? मराठी नाटक टिकलं त्यात गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहांचा आणि राज्य नाट्य स्पर्धेचा किती वाटा आहे, हे या सभागृहात मी सांगायला नको. नाटकाला गावोगाव जे मिळालं, त्यातलं थोडं बँडला मिळू द्या. नाट्यगृहात पक्क्या खुर्च्या असतात, तिथे उभं राहून ऐकता येत नाही, म्हणून जागा वेगळी लागेल. बंदिस्त, जाड भिंतींची, आवाज बाहेर न सोडणारी. हजार-दीड हजार माणसं उभी राहतील एवढी. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. दहाला संपवू, काही हरकत नाही. भाडं इतकंच, की चार विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली तरी परवडेल. ठाणे, कल्याण, पनवेल, पिंपरी-चिंचवड, या प्रत्येक महापालिकेकडे अशी एखादी पडीक शेड नक्की असेल. निवडणुकीत उमेदवार दारात येतील तेव्हा रस्ते आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारा.

माझं बोलून झालं. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांची मुलं या कार्यक्रमांना जातात आणि ज्यांना काळजी वाटते, त्यांनी आधी विचारावं.