एक्स्टेन्शन १०८

(बडोद्यातल्या मराठी व्यावसायिकांच्या मासिक बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘ऑफिसच्या टेलिफोन यंत्रणेतल्या सोयी आणि सेटिंग्ज’. चिटणीसांनी पाऊण तास दिलाय. सोयी म्हणाल तर ऑफिसातले फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या लाइनशी जोडणारं यंत्र ते ईपीएबीएक्स, आणि त्याला जोडलेला आतला प्रत्येक फोन म्हणजे एक्स्टेन्शन; साध्या चोवीस एक्स्टेन्शनच्या ईपीएबीएक्सची पुस्तिका उघडली तरी पानंच्या पानं निघतील. सगळ्या सांगायच्याच आहेत, पण सुरुवात मात्र माझ्या मनात बरीच वर्षं घर करून बसलेल्या गोष्टीपासून करतो. समोर दवाखानेवाले दिसताहेत, शाळांचे विश्वस्त आहेत, मकरपुऱ्याचे कारखानदार आहेत. तुमच्यापैकी कितीजणांच्या ऑफिसात एक्स्टेन्शनचे नंबर १०० किंवा १०१ पासून सुरू होतात? हात वर करा बघू. निम्म्याहून जास्त हात आहेत. काकू, तुमचा दवाखाना ना? तुमचाही हात वर आहे. मग आजचं व्याख्यान तुमच्यासाठीच.

तुम्ही दाबलेला पहिला आकडा ऐकून ईपीएबीएक्स अंदाज बांधतं. बहुतेक ठिकाणी शून्य दाबलं की त्याला कळतं, याला बाहेरची लाइन हवी. नऊ दाबलं की ऑपरेटर. आणि तुमची एक्स्टेन्शन १०० पासून असली, तर एक दाबल्यावर ते आणखी दोन आकड्यांची वाट बघतं आणि ते आले की आतल्या आत कुठेतरी घंटी वाजवतं. आता आपल्याकडे अडीअडचणीचे नंबर आठवा. पोलीस १००, अग्निशमन १०१, गुजरातेत ॲम्ब्युलन्सला १०८, महिलांसाठी अभयम् १८१, मुलांसाठी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०, आणि सगळ्यांसाठी मिळून आता ११२. एकूण एक नंबर एकाने सुरू होतात. सबंध देशाने संकटासाठी राखून ठेवलेला आकडा आपण अकाउंट्स, स्टोअर आणि कँटीनला वाटून बसलोय.

हे कागदावरचं भय नाही. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी ते पाहिलंय. नाव घेत नाही. १०८ ची सेवा गुजरातेत ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाली, ती लोकांच्या तोंडी नुकती बसत होती, तेव्हाची गोष्ट. सकाळी सकाळी मला निरोप आला, गेटवरचा फोन बिघडलाय, रात्री ऐन गरजेला चाललाच नाही, ताबडतोब या. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. गेटच्या केबिनमध्ये भिंतीला टांगलेला जुना फोन. त्याच्या बटणांवरचे आकडे बाकी सगळे शाबूत, फक्त एक आणि शून्य घासून गुळगुळीत झालेले, कारण दिवसभर तिथून १००, १०१, ११० एवढंच लावलं जायचं. रिसीव्हर उचलला, टोन स्वच्छ. लाइन तपासली, ठणठणीत. फोनला काहीही झालेलं नव्हतं.

मग रात्रीच्या वॉचमनला बोलावून घेतलं. पंचमहालाकडचा तरुण मुलगा, घाबरलेला. त्याने सांगितलं ते असं. रात्रपाळीतला एक मशीनवाला छाती धरून खाली बसला. सुपरवायझर त्याच्यापाशी थांबला आणि याला म्हणाला, पळ, १०८ लाव. हा धावत केबिनमध्ये आला, १०८ दाबला. रिसीव्हरमध्ये रिंग ऐकू यायला लागली. कुणी उचलेना. त्याने ठेवला, पुन्हा लावला. पुन्हा रिंग. आणि त्याच वेळी, त्याच्या पाठीमागे, कुलूप लावलेल्या स्टोअरच्या शटरआड एक घंटी वाजत होती. ती त्याने ऐकलीसुद्धा. पण कानातली रिंग आणि शटरआडची घंटी एकच आहे हे त्याला कसं कळावं? स्टोअरचं एक्स्टेन्शन होतं १०८. सरकारी ॲम्ब्युलन्स फोन उचलत नाही असं समजून तो शेजारच्या कारखान्यात धावत गेला. तिथे थेट लाइनचा फोन होता, तिथून लावला आणि गाडी आली. तो माणूस वाचला, म्हणून मी ही गोष्ट तुम्हाला शांतपणे सांगू शकतोय.

मला राग आला तो पुढच्या भागाचा. मी शेठना म्हटलं, नंबर बदलूया, १०० ऐवजी २०० पासून सुरू करूया. शेठ म्हणाले, “नंबर कशाला बदलायचे? पोराला सांगा, आधी शून्य दाबायचं आणि मग १०८. मी बोर्ड लावतो.” म्हटलं, शेठ, तुमच्या आईला मध्यरात्री दम लागला तर तुम्ही बोर्ड वाचाल का? ते गप्प झाले, पण नंबर सोडायला तयार होईनात. व्हिजिटिंग कार्डं छापलीत, पार्टीवाल्यांना एक्स्टेन्शन पाठ आहेत, आणि खरी गोम शेवटी बाहेर आली: त्यांचं स्वतःचं एक्स्टेन्शन १०० होतं आणि पहिला नंबर मालकाचाच हवा. पाऊण तास मी त्यांच्या केबिनमध्ये उभा होतो. नंबर बदलायला त्याहून कमी वेळ लागतो हो! शेवटी म्हटलं, ठीक आहे, २०१ नको, तुम्हाला २०० देतो, पहिला तो पहिलाच. मग हसले आणि हो म्हणाले.

त्या दिवशी दोन कामं केली आणि तीच दोन कामं मी तुमच्याकडून मागतोय. पहिलं, एक्स्टेन्शन २०० किंवा ३०० पासून. दुसरं, प्रोग्रामिंगमध्ये आपत्कालीन नंबरांची एक यादी असते, तिच्यात हे नंबर भरून ठेवायचे, म्हणजे कुठल्याही फोनवरून, रात्री कुलूप लावलेल्या फोनवरूनसुद्धा, शून्य न दाबता ते थेट बाहेर जातात. शून्य लावून दाबले तरी गेले पाहिजेत, कारण सवयीने शून्य दाबणाराही कुणीतरी असतोच.

अमेरिकेत यासाठी कायदा करावा लागला. टेक्ससमधल्या एका मोटेलमध्ये २०१३ साली एका बाईवर हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून ९११ लावत राहिली, पुन्हा पुन्हा लावला, आणि फोन लागेना, कारण तिथे बाहेरच्या लाइनसाठी आधी नऊ दाबावं लागायचं. आई गेली. तिच्या नावाने ‘केरीज लॉ’ २०१८ मध्ये मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०२० पासून तिथे बसणाऱ्या नव्या यंत्रणांना तो लागू आहे: ९११ च्या आधी कुठलाही आकडा लागता कामा नये, आणि फोन गेला की त्याची सूचना त्याच जागेतल्या जबाबदार माणसाला मिळाली पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलीला नंबर अगदी बरोबर माहीत होता. अडवलं ते सेटिंगने.

माझं म्हणणं एवढंच आहे की ऑफिसचा फोन ज्याच्या हातात सगळ्यात कमी माहिती आहे त्याच्यासाठी लावायचा. गेटवरचा मुलगा, बाहेरून पहिल्यांदा फोन करणारं गिऱ्हाईक, रात्रीचा रुग्ण. प्रत्यक्षात आपण मालकाच्या केबिनमध्ये बसून सेटिंग ठरवतो. आपल्या गावाला हे परकं वाटू नये. सॅम पित्रोदा इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकले, आणि पुढे १९८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था उभी राहिली तेव्हा तिथल्या मंडळींनी १२८ लाइनचं ग्रामीण एक्सचेंज असं बांधलं की ते वातानुकूलनाशिवाय चालावं. खेड्यात एसी कुठून आणणार, हा प्रश्न त्यांनी यंत्र बांधण्याआधी विचारला. त्याआधी परदेशी एक्सचेंजची थंडगार खोली सांभाळता सांभाळता टेलिफोन खात्याची माणसं टेकीला यायची. असो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि चिटणीसांची चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटं राहिलीत म्हणे.

तर आता भरभर. आधी शून्याचं कुलूप, म्हणजे बाहेरची लाइन मिळाल्यावर परगावच्या फोनसाठी, एसटीडीसाठी, जे शून्य दाबतात त्याचं. एसटीडी महाग होती तेव्हा आपण बहुतेक एक्स्टेन्शनना शून्य बंद करून ठेवलं होतं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला आधी शून्य लावणं सक्तीचं झालं, मोबाइलसाठी नवे नंबर मोकळे व्हावेत म्हणून. तो दिवस आपल्याकडे वासी उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचा. सगळे गच्चीवर पतंग उडवत होते. तिळगूळ संपवून लोक ऑफिसात परतले तर एकाही कुलूपवाल्या फोनवरून मोबाइल लागेना. काही ठिकाणी तंत्रज्ञांनी ०६, ०७, ०८, ०९ उघडून दिलं. पण इंदूरचा कोड ०७३१, अहमदाबादचा ०७९, बंगळुरूचा ०८०, आणि शून्य धरून दोन्हीकडे अकराच आकडे. म्हणजे एसटीडी बंद आणि मोबाइल चालू असं पहिल्या आकड्यांवरून ठरवताच येत नाही. माझा सल्ला, एका शून्याचं कुलूप काढून टाका. बहुतेक प्लॅनमध्ये आता देशभर बोलणं त्याच पैशांत येतं. कुलूप दोन शून्यांना ठेवा, आयएसडीला, म्हणजे परदेशच्या फोनला.

ट्रान्सफर करताना फोन कटतो, ही तक्रार मला आजही रोज येते. फोनवरचं फ्लॅशचं बटण लाइन क्षणभर तोडतं. काही फोन ती १०० मिलिसेकंद तोडतात, काही ६००. ईपीएबीएक्स ज्या मुदतीची वाट बघतंय तिच्यापेक्षा तोडणी लांबली तर त्याला वाटतं, रिसीव्हर ठेवला. फार कमी झाली तर ते लक्षच देत नाही. फोन बदलू नका, दोन्हीकडची मुदत जुळवा.

रिंग किती वेळ वाजू द्यायची? आपल्याकडे रिंगचं चक्र तीन सेकंदांचं: दोन छोटे ठोके आणि मग दोन सेकंद शांतता. पाच रिंगा म्हणजे पंधरा सेकंद. तेवढ्यात उचलला नाही तर फोन दुसरीकडे वळलाच पाहिजे. कित्येक ठिकाणी ही मुदत एक मिनिट ठेवलेली असते. मिनिटभर रिंग ऐकत कुणी थांबत नाही, ते दुसऱ्या दुकानाला फोन लावतात. आणि ग्रुपमध्ये फोन फिरवताना क्रमाने फिरवू नका, नाहीतर पहिल्या टेबलावरची मुलगी दिवसभर बोलते आणि चौथ्या टेबलाला घंटी माहीत नसते. ज्याचा फोन सगळ्यात जास्त वेळ मोकळा आहे त्याच्याकडे जाऊ द्या, ती सोय असते.

स्वागताच्या रेकॉर्डिंगमध्ये जाहिरात नको. आधी गुजराती, मग हिंदी, दोन-दोन वाक्यं, आणि ‘माणसाशी बोलायला नऊ दाबा’ हे सगळ्यात आधी. आठव्या पर्यायापर्यंत कुणाला पहिला आठवत नाही. रात्रीचा मोड घड्याळाला जोडा आणि सुट्ट्यांचा तक्ता दरवर्षी भरा, नाहीतर दिवाळीत तुमचं यंत्र ‘आमचा प्रतिनिधी लगेच बोलेल’ म्हणत राहतं.

रेकॉर्डिंगवरून आठवलं. समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते, अशी तक्रार असेल तर यंत्राला फोन ठेवल्याची खूण ओळखता येत नाहीये. टेलिफोन कंपनी लाइनची दिशा उलटवून ती खूण देते का ते विचारा. देत नसेल तर बिझी टोन ओळखण्याची सेटिंग चालू करा.

बाहेरून फोन करून तुमच्याच लाइनवरून पुढे फोन लावायची सोय, डिसा म्हणतात तिला, वापरत नसाल तर आजच बंद करा. वापरत असाल तर लांब पिन ठेवा, आणि प्रोग्रामिंगचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. पिन फुटली की परदेशचे फोन रातोरात तुमच्या बिलावर होतात. इंटरनेटवर चालणाऱ्या यंत्रणेला हे दुप्पट लागू.

शेवटचं, कारण चिटणीस उभे राहिलेत. लाइट गेली आणि बॅटरी संपली की ईपीएबीएक्स मुकं होतं. तांब्याच्या तारेची साधी लाइन असली तर बहुतेक यंत्रांत तेव्हा एक ठराविक एक्स्टेन्शन बाहेरच्या लाइनशी थेट जोडलं जातं आणि एक्सचेंजकडून येणाऱ्या विजेवर चालू राहतं. ते तुमच्याकडे कुठलं आहे, हे तंत्रज्ञाला विचारा. मालकाच्या केबिनमधलं असेल तर ते गेटवर न्यायला सांगा. प्रश्नांना वेळ नाही म्हणताहेत, तेव्हा मी चहाच्या टेबलापाशी थांबतो. ज्यांची पुस्तिका हरवली असेल त्यांनी पेटीवरचा मॉडेल नंबर घेऊन या. काकू, तुम्ही आधी या, दवाखान्याचे नंबर आपण कागदावर लगेच मांडून टाकू.