शेजारच्या खोलीत जा आणि विचार करा

नमस्कार श्रोतेहो. आजची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातले सोव्हिएत सेनापती मार्शल कॉन्स्टान्टिन रोकोसॉव्हस्की यांची. नाव जिभेला जड आहे, पण दोन-तीनदा ऐकलंत की बसेल. रोकोसॉव्हस्की.

जन्म १८९६चा, घराणं पोलिश. पोरवयात वॉर्सात पाथरवटाचं काम केलं, १९१४ साली झारच्या घोडदळात शिरले, क्रांतीनंतर लाल सैन्यात वर चढत गेले. आणि १९३७ साली स्टालिनच्याच पोलिसांनी त्यांना हेर ठरवून आत टाकलं. मारहाणीत नऊ दात गेले. कबुलीजबाबावर सही मात्र केली नाही. १९४०च्या मार्चमध्ये सुटले. नऊ दात गेले, तेवढं ध्यानात असू द्या. पुढं मॉस्को, स्टालिनग्राड, कुर्स्क इथल्या जर्मनांविरुद्धच्या लढाया. ते सगळं पुस्तकांत आहे.

मला सांगायचाय तो मे १९४४चा प्रसंग. बेलारूसमधून जर्मनांना हुसकायचं होतं. तिथल्या बोब्रुइस्क शहराजवळ सगळा मुलूख पाणथळ. भाताच्या खाचरात ट्रॅक्टर रुतला की काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! रोकोसॉव्हस्की म्हणाले, एका जागी जोर लावला तर सैन्य दलदलीत अडकेल, म्हणून दोन बाजूंनी सारख्याच ताकदीचे दोन तडाखे हवेत. लष्करी शास्त्र सांगतं, मुख्य तडाखा एकच. स्टालिन म्हणाले, "शेजारच्या खोलीत जा आणि विचार करा."

गेले. परत आले. "काय ठरलं?" "दोन तडाखे." "पुन्हा जा." पुन्हा गेले. म्हणतात की या वेळी स्टालिनचे जवळचे सहकारी मोलोतोव्ह आणि मालेन्कोव्ह मागोमाग आत आले आणि त्यांना समजावू लागले, अहो, वाद कुणाशी घालताय! दुसऱ्यांदा बाहेर आले तरी उत्तर तेच, दोन तडाखे. नऊ दात गेलेला माणूस, श्रोतेहो, त्याच माणसासमोर उभा राहून तिसऱ्यांदा तेच बोलत होता. स्टालिन मानले.

आता, दुसरे सोव्हिएत मार्शल झुकोव्ह यांनी पुढं लिहिलं की असा वाद झालाच नव्हता. असेल बुवा. मोठ्या माणसांच्या आठवणी मला लग्नाच्या अल्बमसारख्या वाटतात, जो तो आपलाच फोटो शोधतो. आणि हल्लीच्या बैठकांत शेजारची खोलीच नसते, तिथंच मान डोलवावी लागते. असो.

जूनमध्ये सैनिकांनी ओंडके अंथरून दलदलीतून रस्ते केले, त्यांवरून रणगाडे नेले. जिथून कुणी येणार नाही असं जर्मनांनी धरलं होतं, तिथूनच ते आले. २९ जूनला बोब्रुइस्क पडलं आणि त्याच दिवशी रोकोसॉव्हस्की मार्शल झाले.

बर्लिन जिंकण्याचा मान मात्र हुकला. नोव्हेंबरात त्यांची आघाडी, म्हणजे त्यांच्या हाताखालचा सैन्यगट, झुकोव्ह यांच्याकडे दिली गेली. २४ जून १९४५ला मॉस्कोच्या लाल चौकात, भर पावसात, विजय संचलनाची सलामी घेतली झुकोव्ह यांनी. संचलनाचं नेतृत्व करत घोड्यावरून समोर आले रोकोसॉव्हस्की. १९३०च्या सुमाराला हेच झुकोव्ह त्यांच्या हाताखाली होते.