रुंबकचा हिवाळा

(दृश्य: स्पितुकचा पूल. खाली सिंधू, दोन्ही काठांना गोठलेल्या कडा.)

जानेवारीतलं लेह. बाजारातली बरीचशी दुकानं बंद, नळ गोठलेले, रात्रीचा पारा उणे १५ च्या आसपास. उन्हाळी पर्यटकांची गर्दी केव्हाच ओसरलेली. नेमक्या याच दिवसांत काही माणसं जाडजूड कपडे आणि दुर्बिणी घेऊन इथे उतरतात. त्यांना हिमबिबट्या बघायला जायचं असतं हेमिस राष्ट्रीय उद्यानात.

पण आल्या आल्या निघायचं नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पुण्या-मुंबईहून विमानाने थेट आलेल्याने किमान दोन दिवस विश्रांती घ्यायची, भरपूर पाणी प्यायचं. पुढची गावं याहूनही उंच आहेत, आणि विरळ हवेत भले भले पहिलवान आडवे होतात.

(दृश्य: झिंगचेनची घळ.)

हेमिस १९८१ साली राष्ट्रीय उद्यान झालं. आज त्याचं क्षेत्र सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर, देशातल्या राष्ट्रीय उद्यानांत सर्वांत मोठं. ताडोबासारखं इथे जिप्सीत बसून फिरायचं नसतं. चालायचं, थांबायचं, समोरचे डोंगर न्याहाळत बसायचं.

उन्हाळ्यात हिमबिबट्या उंच कड्यांवर असतो. हिवाळ्यात भरल, म्हणजे इथल्या निळसर राखाडी रानमेंढ्या, चाऱ्यासाठी खाली उतरतात आणि त्यांच्यामागे तोही. शिवाय जानेवारी ते मार्च हे त्याचे माजाचे दिवस. एरवी एकटा राहणारा हा प्राणी जोडीदाराला हाका देत हिंडतो, वाटेवरच्या आपल्या खुणा ताज्या करत जातो.

(दृश्य: बाहेर झुकलेला खडक, जवळून.)

हा खडक बघा. याच्या खालच्या अंगावर हिमबिबट्याने मूत्र फवारलंय. नाक जवळ नेलं की उग्र वास येतो. पायथ्याशी मागच्या पायांनी उकरलेला लांबट खळगा, आणि त्याच्या एका टोकाला मातीचा छोटा ढीग. कडा अजून धारदार असतील तर खूण ताजी. ढासळल्या असतील, तर तो जाऊन बरेच दिवस झाले.

हे वाचणारे डोळे स्थानिक वाटाड्यांचे. ते हिमबिबट्या शोधतच नाहीत, आधी भरल शोधतात. चरणारा कळप माना वर करून एकाच दिशेला बघू लागला, की टेलिस्कोप तिकडे वळतो. राखाडी खडकावरचे राखाडी ठिपके नवख्याला सांगूनही दिसत नाहीत. दिसलीच तर शेपटी दिसते, जाड आणि जवळजवळ मीटरभर लांब.

(दृश्य: उद्यानातलं रुंबक गाव. घरालगतचं, मेंढरं कोंडायचं दगडी वाडगं.)

मला विचाराल तर या उद्यानाची खरी गोष्ट या वाडग्यापाशी आहे. पूर्वी वाडगी वरून उघडी असायची. हिमबिबट्या आत उडी घ्यायचा, कोंडलेली मेंढरं सैरावैरा धावायची आणि तो एकामागून एक पाडत सुटायचा. एका रात्रीत घरचं सगळं धन जायचं. मग माणसं सूड घ्यायची. तो राग समजण्यासारखाच होता.

आता वर लोखंडी जाळी आणि घट्ट बसणारं दार आहे. या शतकाच्या सुरुवातीला स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या मदतीने इथे होमस्टेही सुरू झाले. पाहुणे पाळीपाळीने घरांत जातात, म्हणजे कमाई एकाच उंबऱ्याशी अडत नाही. घरची बाई बुखारीत, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीत, गोवऱ्या सारते, लोणी-मीठ घातलेला चहा पुढे करते, रात्री गरमागरम थुकपा वाढते. शेती बंद असते तेव्हा, ऐन थंडीत, हे पैसे येतात. ज्याच्यामुळे मेंढरं जायची, त्याच्याचमुळे आता पाहुणे येतात.

जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत, त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. ते काही उद्यानाची हद्द पाहून फिरत नाहीत. गावांच्या कुरणांवर, मेंढपाळांच्या वाटांवर त्यांचा वावर असतो.

(दृश्य: टेलिस्कोपभोवती जमलेले पाहुणे.)

म्हणून यायचं ठरवलंत, तर लेहहून दिवसभराची गाडी करून येऊ नका, गावात राहा. वाटाडा इथलाच घ्या. स्लीपिंग बॅग आणा, आंघोळ विसरा. हिमबिबट्या दिसला तरी त्याच्या दिशेने चढू नका, टेलिस्कोपमधून तो तासन् तास बघता येतो. आणि आपला कचरा परत लेहला न्या. उरलंसुरलं अन्न इथे पडलं की मोकाट कुत्री वाढतात, आणि टोळीने भरलांच्या मागे लागतात.