ताकायामा: उंच दारांचं शहर

(दृश्य: गल्लीतली अरुंद, उंच, पांढऱ्या गिलाव्याची इमारत. समोरून शाळेची मुलं सायकलवरून जातात.)

या इमारतीचं दार पाहिलंत? जवळजवळ भिंतीएवढंच उंच. माणसासाठी एवढं दार कोण कशाला करेल? आत रथ ठेवलेला असतो. इथले लोक त्याला याताई म्हणतात.

जपानच्या गिफू प्रांतात, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या ताकायामा शहरात हिंडताना अशी दारं अधूनमधून भेटत राहतात. एखादं दुकानांच्या रांगेत, एखादं थेट कुणाच्या तरी परसाला लागून. वर्षभर ती बहुधा बंदच. १४ एप्रिलच्या सकाळी त्यांतली बरीच उघडतात.

हिए देवस्थानाचा वसंतोत्सव १४ आणि १५ एप्रिललाच होतो, वार कुठलाही असो. पर्यटकांच्या सोयीसाठी तो शनिवार-रविवारवर ढकलायची पद्धत नाही. शहर साडेपाचशे मीटरहून उंचावर असल्यामुळे टोकियोतला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, गळून जातो, तेव्हा कुठे इथला उमलू लागतो. साल चांगलं असेल तर मियागावा नदीवरचा लाल नाकाबाशी पूल, काठावरचा बहर आणि पुलावरून जाणारा रथ हे सगळं एका चौकटीत मिळतं. त्या चौकटीसाठी पुलाजवळ छायाचित्रकारांची एवढी झुंबड उडते, की आम्ही सरळ पुढे निघालो.

(दृश्य: रथाच्या कोरीव पट्टीवर कॅमेरा सावकाश सरकतो.)

हा किरिनताई रथ. खेळणारी, एकमेकांवर रेलणारी ही पोरं बघा. एकोणिसाव्या शतकात तानिगुची योरोकू या स्थानिक कारागिराने ती लाकडात कोरली. गर्दीतून रथ बघताना नजर आधी वरच्या सोनेरी झालरींवर जाते. खरं काम मात्र खाली, कंबरेच्या उंचीला आहे.

एवढ्या आडबाजूच्या गावात हे हात आले कुठून? हिदा म्हणजे हा सगळा डोंगराळ मुलूख. भात कमी, जंगल उदंड. आठव्या शतकातल्या राजसत्तेने इथल्या लोकांना काही कर माफ केले आणि त्याऐवजी सुतार मागून घेतले. राजधानीतली देवळं आणि वाडे उभारायला पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसं जात राहिली. पुढे १६९२ साली शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाने, कानामोरी सरदारांना हलवून हिदा थेट आपल्या ताब्यात घेतलं. डोळा होता इमारती लाकडावर.

त्या कारभाराची कचेरी, ताकायामा जिनया, आजही उभी आहे, आणि अगदी १९६९ पर्यंत तिथे सरकारी कामकाज चालत होतं. तांदळाची कोठारं, चौकशीची खोली, सगळं हिंडून बघता येतं. आत गेलात की खांबांवर खिळ्यांची डोकी झाकणारे धातूचे छोटे ससे शोधा. बरेच लोक ते न बघताच बाहेर पडतात.

व्यापाऱ्यांकडे पैसा आला, पण त्या काळच्या समाजात मान सामुराईचा. घराच्या थाटमाटावरही बंधनं. सानमाचीच्या जुन्या गल्ल्यांत म्हणूनच घरांचे दर्शनी भाग काळसर, साधे, बुटके. हौस भागवायची तर ती देवाच्या नावाने, आळीच्या रथावर. शेजारच्या आळीने सोनं लावलं, की आपण रेशीम आणायचं! गणपतीत दोन मंडळांत चालते तशीच ही चुरस, फक्त इथला देखावा मोडत नाहीत. तोच रथ नातवंडं ओढतात.

(दृश्य: ओताबिशोचं, म्हणजे उत्सवात देवाच्या मुक्कामाच्या जागेचं पटांगण. माना वर केलेली गर्दी.)

वसंतोत्सवात १२ रथ निघतात. त्यांतल्या तीन रथांवर काराकुरी, म्हणजे कळसूत्री बाहुल्या आहेत. रयुजिनताई रथावर एक पोरगा हातात मडकं घेऊन पुढे आलेल्या तुळईच्या टोकापर्यंत चालत येतो. खरोखर पावलं टाकत. दोऱ्या ओढणारे आत दडलेले, दिसत कुणीच नाही. मडकं ठेवलं जातं, क्षणभर काहीच घडत नाही. मग त्यातून लाल चेहऱ्याचा ड्रॅगनदेव उसळतो, कागदाचे कपटे उडतात आणि पटांगणभर एकच ओरडा होतो. जागा धरायची तर खेळाच्या बऱ्याच आधी पोचा.

रथ वळतो कसा, हेही थांबून बघण्यासारखं आहे. त्याची मोठी चाकं वळत नाहीत. कोपरा आला की तरफेने रथ किंचित उचलायचा, खाली एक जादा चाक सरकवायचं आणि त्याच्यावर अख्खं धूड फिरवायचं. आळीची माणसं एकमेकांना हाका देतात, छपराची कड आणि रथाचं टोक यांतलं अंतर डोळ्यांनी मोजतात. मला विचाराल तर बाहुल्यांपेक्षा हेच बघावं.

चौदाच्या संध्याकाळी प्रत्येक रथावर शंभरेक कागदी कंदील लागतात आणि फेरी संपवून रथ आपापल्या घरी जातात. थंडी बोचरी असते. एप्रिल आहे म्हणून स्वेटर घरी ठेवून येऊ नका.

पोटाचं बघायचं तर सकाळी नदीकाठचा बाजार. लाल सलगमाचं लोणचं, भाजीपाला, घरगुती पदार्थ. मिताराशी दांगो ही तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांची काडी इथे गोड नसते. सोया सॉस लावून निखाऱ्यावर खरपूस भाजतात. शाकाहारी मंडळींनी सूप आणि रश्श्यांबाबत मात्र आधी विचारावं, माशाचा अर्क बहुतेक ठिकाणी असतो. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्ट्या ओळखायच्या त्या दारावर टांगलेल्या सुरूसारख्या पानांच्या मोठ्या गोळ्यावरून. नवी साके तयार झाली की हिरवा गोळा टांगतात, महिने सरतील तसा तो तपकिरी होतो.

आणि पाऊस? पाऊस आला तर रथ बाहेर येत नाहीत. लाखेचं काम, सोनं, जुनं रेशीम, कुणीच धोका पत्करत नाही. तुम्ही किती लांबून आलात याचा इथे विचार होत नाही, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी साकुरायामा हाचिमान देवस्थानाजवळचं प्रदर्शनगृह गाठावं. तिथे शरदोत्सवाच्या ११ रथांपैकी काही आळीपाळीने मांडलेले असतात. त्यांची स्वारी निघते ९ आणि १० ऑक्टोबरला. नागोयाहून हिदा एक्स्प्रेसने इथे यायला साधारण अडीच तास लागतात. उत्सवाच्या दिवसांत मुक्कामाची खोली मात्र महिनोन्‌महिने आधी धरून ठेवावी लागते.